देवघळीला (कशेळी) जायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरीहून सागरी मार्गाने राजापूरकडे निघालेली माणसं देवघळीबद्दल जे पुन्हा पुन्हा विचारतात ते इथे एकत्र केलंय. सोपे प्रश्न आधी, अडचणीचे नंतर. सगळं वाचायला वेळ नसेल तर भरतीचा आणि कड्याचा हे दोन प्रश्न तरी वाचूनच निघा.

देवघळी नक्की कुठे आहे आणि तिथे बघायचं काय?

रत्नागिरी जिल्हा, राजापूर तालुका, गाव कशेळी. कनकादित्याचं देऊळ आहे तेच गाव, आणि देवळापासून गाडीने थोडंच पुढे समुद्राच्या बाजूला देवघळी. सडा म्हणजे आपलं ते जांभ्याचं उघडं पठार, त्यावरून समुद्राकडे जाता जाता जमीन अचानक संपते, खाली काळे खडक आणि दोन कड्यांच्या मधे समुद्र आत शिरलेली चिंचोळी घळ आणि तिच्या पोटात छोटासा किनारा. डावीउजवीकडे नजर जाईल तिथवर कडेच कडे आणि समोर काहीच नाही, सरळ अरबी समुद्र. दुकानांची रांग, वॉटर स्पोर्ट्स, घोडागाडी असलं काही शोधत असाल तर गणपतीपुळ्याला जा, देवघळीला यायचं ते समुद्र आणि वारा यांच्यासाठीच.

रत्नागिरीहून रस्ता कसा आहे?

भाट्याचा पूल, गोळप, पावस, पूर्णगडचा खाडीपूल, गावखडी, कशेळी. साधारण सव्वा तास धरा, मधे कुठे थांबला नाहीत तर, पण थांबालच. रस्ता डांबरी आहे, घाट असा नाही, पण वळणं भरपूर आणि वाड्यांमधून जाताना रस्ता एकदम अरुंद होतो, समोरून एसटी आली की एकाला गाडी बाजूला घ्यावीच लागते. अशा वेळी हॉर्न वाजवत बसण्यापेक्षा आपणच थोडं मागे घेतलेलं बरं. मॅप गावापर्यंत बरोबर आणतो, शेवटचा टप्पा मात्र देवळाजवळ कुणालाही विचारून घ्या.

मुंबई, पुणे, कोल्हापूर किंवा गोव्याहून येत असू तर?

मुंबईहून मुंबई-गोवा हायवेने हातखंब्याला वळून रत्नागिरी, मग वरचा रस्ता. पुण्याहून बरेच जण कऱ्हाड-मलकापूर करून आंबा घाट उतरतात, कोल्हापूरवाल्यांनाही आंबा घाटच सोयीचा, साखरपा-पालीवरून हातखंबा. अणुस्कुरा घाट उतरून राजापूरच्या बाजूनेही येता येतं. गोव्याहून येणाऱ्यांनी रत्नागिरीपर्यंत जायची गरज नाही, राजापूरला हायवे सोडून आडिवऱ्याकडून कशेळी गाठा. पावसाळ्यात मात्र कुठलाही घाट ठरवायच्या आधी तो चालू आहे का याची चौकशी करा, दरड पडली की अर्धा दिवस तिथेच जातो.

कुठल्या महिन्यात यावं?

काय बघायचंय त्यावर आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा मऊ, आकाश स्वच्छ, घरच्यांना घेऊन यायला हेच दिवस. मार्च ते मे ऊन भाजून काढतं पण वारा जोरात असतो, समुद्राचा रंग गडद, आणि आंबे असतात. सप्टेंबर आणि ऑक्टोबरची सुरुवात हे माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित दिवस आहेत. सड्यावर तेव्हा सीतेची आसवं आणि गेंद फुललेले असतात, कातळाच्या बोटभर खळग्यांत साचलेल्या पाण्यात जांभळी आणि पांढरी फुलं, बसून बघितली तरच दिसतील एवढी लहान, आणि लोक त्यांच्यावरून चालत समुद्राकडे जातात. पायाखाली बघून चाला एवढीच विनंती. जून-जुलैचं वेगळं लिहिलंय, खाली पावसाळ्याचा प्रश्न बघा.

वारा खरंच एवढा असतो की लोक वाढवून सांगतात?

असतो. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो ना, ते इथे अंगावर येतात. सकाळी जमीन थंड असते तेव्हा वारा जमिनीकडून समुद्राकडे, अगदी हलका, कधी कधी पानसुद्धा हलत नाही. दुपारपर्यंत सडा तापतो, वरची हवा वर जाते आणि समुद्रावरची थंड हवा तिच्या जागी आत घुसते, दुपारी दोन ते पाचच्या दरम्यान जोर सगळ्यात जास्त. मधे एक झाड नाही की टेकडी नाही, आणि कड्यावर आपटलेला वारा वर उसळतो त्यामुळे काठाजवळ तो समोरून कमी आणि खालून जास्त येतो. टोपी डोक्यावरून मागे उडत नाही, सरळ वर जाते.

गाडी लावताना तोंड समुद्राकडे करून लावा आणि दारं एकेक करून उघडा, हँडल घट्ट धरून. वारा पाठीमागून असेल तर दार हातातून सुटून बिजागरीपर्यंत उलटं जातं. ओढणी, स्कार्फ बांधून घ्या. आणि वेफर्सचं पाकीट फोडाल तर रिकामं पाकीट ताबडतोब खिशात, नंतर उचलू म्हणालात की ते समुद्रात गेलंच.

दिवसातली कुठली वेळ चांगली? सूर्यास्तालाच यायला हवं का?

सूर्यास्त सुंदर असतोच, वाद नाही. डिसेंबरच्या सुरुवातीला सहाच्या सुमारास, मे अखेरीला सातच्या सुमारास. पण माझं स्पष्ट मत, नुसता सूर्यास्त गाठायला धावत येऊ नका. साडेपाचला पोचायचं, फोटो काढायचे, अंधारात पळायचं यात घळ बघायचीच राहून जाते. चारच्या आसपास या, दीड-दोन तास बसा. सकाळी आलात तर ऊन पाठीशी असतं, खडकांचे रंग नीट दिसतात आणि बहुतेक वेळा तुम्ही एकटेच असता. यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्या वेळी पाणी कुठे असेल, त्यासाठी पुढचा प्रश्न.

भरती आहे की ओहोटी हे आधीच कसं कळणार?

फोनवर टाइड टेबल मिळतं, रत्नागिरी टाकून बघा. पण कोकणातला जुना हिशोब शिकून घ्या, नेटवर्क नसलं तरी चालतो. तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येईल त्या वाजता पूर्ण भरती, सकाळी आणि संध्याकाळी दोन्ही वेळा. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पाणी भरलेलं. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अमावस्येला सव्वाअकराच्या पुढे. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. पूर्ण भरतीनंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. मिनिटाला मिनिट जुळणार नाही, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरा, पण बेत आखायला पुरेसं आहे.

आता हे देवघळीला लावून बघा. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उधाण असतं, पाणी चढतंही जास्त आणि उतरतंही जास्त, आणि त्या दिवशी संध्याकाळी साडेपाच-सहाला ओहोटी असते, म्हणजे सूर्यास्ताला खालचे खडक उघडे. घळीत लाटा फुटताना बघायच्या असतील तर द्वितीया ते चतुर्थीला दुपारी या, दीड ते तीनच्या दरम्यान पाणी भरलेलं असतं आणि उधाणाचा जोर अजून बाकी असतो. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, पाणी फार चढत नाही. नवमी, दशमी, एकादशीला मात्र लक्ष ठेवा, सूर्यास्ताच्या वेळी पाणी चढतं असतं, तेव्हा खाली कुणी असता कामा नये.

घळीत लाट शिरते तेव्हा एवढा मोठा आवाज का येतो?

बाहेरच्या रुंद लाटेला आत शिरायला जागाच कमी. पाणी दाबलं जातं, उंच होतं, आणि खडकाच्या भेगांमधे अडकलेली हवा त्या पाण्याखाली चेपली जाऊन मग एकदम सुटते. सुरक्षित जागी बसून नीट बघा, आधी घळीतलं पाणी मागे ओढलं जातं, शेवाळलेले दगड चकाकत उघडे पडतात, बारीक ओघळ परत समुद्राकडे धावतात, क्षणभर सगळं रिकामं, आणि मग आतून धप्प असा आवाज, तो कानाआधी पायाला कळतो, आणि त्याच्या मागोमाग पांढरं पाणी वर. सगळ्या लाटा सारख्या नसतात, काही लहान मग दोन-तीन मोठ्या असं चालू असतं. म्हणून पाच मिनिटं बघून ‘इथपर्यंत पाणी येत नाही’ असं कुणी ठरवू नये.

खाली किनाऱ्यावर उतरता येतं का? पोहता येईल का?

उतरता येतं, पण ओहोटीला, उजेडात आणि गावातल्या कुणाला तरी विचारून. पावसाळ्यात अजिबात नाही. पाणी परत फिरलं की आधी वर या, फोटो राहिला तर राहू दे. पोहायला नाही म्हणजे नाही, गुडघाभर पाण्यातसुद्धा नाही. घळीत आलेलं पाणी परत जाताना पाय खेचतं आणि दोन्ही बाजूला खडक आहेत, धरायला काही नाही. तिथे जीवरक्षक वगैरे आहे असं गृहीत धरू नका. पाण्यात पाय बुडवायचेच असतील तर गावखडीचा लांबलचक किनारा वाटेतच आहे, मागे सुरुचं बन आहे, तिथे थांबा. तिथेही आधी गावकऱ्यांना विचारून.

कड्याच्या किती जवळ जाता येतं?

रेलिंग असेल तिथे रेलिंगच्या आत. नसेल तिथे काठापासून माणूस आडवा झोपला तरी हात पोचणार नाही एवढं अंतर ठेवा, आणि वारा असेल तर त्याच्या दुप्पट. कारण सांगतो. वरचा जांभा कडक दिसतो पण त्याच्या खाली मऊ मातकट थर असतो, तो पाण्याने आणि वाऱ्याने झिजत जातो आणि वरचा कातळ पुढे नुसता अधांतरी राहतो. वरून बघणाऱ्याला ते दिसतच नाही. तुम्ही उभे आहात त्याच्या खाली जमीन आहे की हवा, हे फक्त समुद्रातल्या माणसाला दिसतं. शिवाय जांभ्याची बारीक गोल खडी पृष्ठभागावर पसरलेली असते, चपलेखाली ती घरंगळते.

काठावर पाय सोडून बसायचे फोटो बघून लोक येतात. कृपा करून तसला फोटो काढू नका आणि कुणाचा काढूनही देऊ नका. मागे मागे जात सेल्फी घेणं तर त्याहून वाईट. पंधरा फूट आतून काढलेल्या फोटोत समुद्र तेवढाच मोठा येतो.

पावसाळ्यात यायचंच असेल तर?

बघण्यासारखं असतं यात शंका नाही, समुद्र मातीच्या रंगाचा आणि लाटांचे तुषार कड्याच्या वर उडत येतात. पण कातळावर शेवाळ असतं, ओलं नसतानाही निसरडं, आणि वारा दिवसभर एकाच जोराने चालू असतो, दुपारचा-सकाळचा फरक उरत नाही. १ जून ते ३१ जुलै कोकणच्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. माशांच्या विणीसाठी ही बंदी असते हे खरं, पण ज्या समुद्रात पिढ्यान्‌पिढ्या वावरलेली माणसं त्या दिवसांत होड्या वर ओढून ठेवतात तिथे आपण काय धाडस दाखवणार. हवामान खात्याचा ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल, किंवा समुद्राचा अंदाज देणाऱ्या इन्कॉइस या सरकारी संस्थेने उंच लाटांचा इशारा दिला असेल तर तो दिवस देवळांसाठी ठेवा. हा लाटांचा इशारा कधी कधी पाऊस नसतानाही येतो, दूरच्या समुद्रातल्या वादळाच्या लाटा इथे स्वच्छ उन्हात पोचतात.

बाईकवर येतोय, वेगळं काही?

भाट्याचा आणि पूर्णगडचा, दोन्ही पुलांवर दुपारचा वारा आडवा लागतो, वेग कमी ठेवा आणि मोठ्या गाडीच्या बाजूने जाताना सावध, ती पुढे गेली की झोत एकदम बसतो. सड्यावर बाईक साइड स्टँडवर लावताना वारा तिला स्टँडच्या बाजूला ढकलेल अशी लावा, उलट लावलीत तर पडते. परत गेल्यावर साध्या पाण्याने धुऊन चेनला तेल, खारं कुणाला सोडत नाही. हेल्मेटची काच आणि कॅमेऱ्याची लेन्स कोरडी पुसू नका, मिठाचे कण चरे पाडतात, आधी ओल्या फडक्याने.

लहान मुलं आणि आजी-आजोबांना घेऊन येऊ का?

या की. आजी-आजोबांना सकाळी आणा, वारा कमी आणि ऊन सोसवेल असं. मुलांचा हात एका मोठ्या माणसाने सतत धरायचा, ‘सगळे बघतायत’ म्हणजे कुणीच बघत नसतं. चालता येत नसलेल्यांना देवळाशी बसवून बाकीच्यांनी पाळीपाळीने जाऊन यावं, देऊळ शांत आणि सावलीचं आहे.

खाणं, पाणी, टॉयलेट, पेट्रोल, नेटवर्क?

पेट्रोल-सीएनजी रत्नागिरीत किंवा राजापुरात भरूनच निघा. पाणी बरोबर हवंच, सड्यावर सावली नाही. जेवण पावसला मिळतं, गावातल्या घरगुती ठिकाणी हवं असेल तर सकाळी किंवा आदल्या दिवशी फोन करून सांगावं लागतं, माणसं मोजून भात टाकतात, आयत्या वेळी दहा जण उभे राहिलात तर त्या माऊलीची पंचाईत होते. टॉयलेट पावसला किंवा राहत्या ठिकाणी आटपून या. नेटवर्क येतं-जातं, यूपीआयच्या भरवशावर राहू नका, सुटे पैसे ठेवा.

रात्री तंबू ठोकून राहिलो तर चालेल?

नको. सडा मोकळा दिसला तरी जमीन कुणाच्या तरी मालकीची असते, खुंट्या कातळात घुसत नाहीत, आणि वारा तंबू उचलतो. शिवाय सापाचा प्रश्न आहे, तो खाली दिलाय. पावस, गणेशगुळे, गावखडी परिसरात घरगुती राहायची सोय मिळते, पैसे गावातच राहतात. गावखडीच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, तिथे राहिलात तर रात्री वाळूत टॉर्च, शेकोटी, गाडी काहीही नको.

कनकादित्याच्या देवळाचा आणि देवघळीचा संबंध काय?

गावात सांगतात ती कथा अशी. काठेवाडकडच्या एका व्यापाऱ्याचं गलबत सूर्याच्या मूर्ती घेऊन दक्षिणेकडे चाललं होतं, ते कशेळीच्या समुद्रात अडलं, काही केल्या पुढे जाईना. तेव्हा त्यातली एक मूर्ती उतरवून किनाऱ्यावरच्या गुहेत ठेवली आणि गलबत हललं. गावात कनका नावाची सूर्यभक्त होती, तिला स्वप्नात देव दिसला, गावकऱ्यांनी शोध घेऊन मूर्ती वर आणली आणि देऊळ बांधलं. ती गुहा म्हणजेच देवघळी. ही दंतकथा आहे, पण देवळाचं जुनेपण कथेवर अवलंबून नाही. शिलाहार राजा दुसरा भोज याचा शके १११३ चा, म्हणजे इ.स. ११९१ चा, कशेळीच्या दानाचा ताम्रपट आहे. म्हणून कड्यावर जायच्या आधी देवळात जा असं मी सगळ्यांना सांगतो. वर उभं राहून घळीकडे बघताना, एवढ्या चिंचोळ्या जागेतून मूर्ती कशी वर आणली असेल हा विचार आपोआप येतो, आणि मग त्या जागेत बिअरची बाटली फोडावीशी कुणाला वाटणार नाही.

रथसप्तमीच्या दिवसांत आलो तर?

देवळाचा मोठा उत्सव तेव्हाच, माघ शुद्ध सप्तमीपासून पाच दिवस. कालिकावाडीच्या कालिकादेवीचा मुखवटा वाजतगाजत कशेळीला येतो. चाकरमानी घरी आलेले असतात, गाव भरलेलं असतं. उत्सवासाठी या, मनापासून या, पण त्या दिवसांत निवांत देवघळी आणि सहज मिळणारी खोली दोन्ही मिळणार नाही. गाडी देवळापासून लांब लावून चालत जा.

कातळशिल्पं पण इथेच आहेत ना?

हो, कशेळीच्या सड्यावर प्रचंड हत्ती कोरलेला आहे, सुमारे १८ मीटर लांब, आणि त्याच्या पोटात इतर प्राण्यांच्या आकृत्या. २०२२ मध्ये कोकणातली जी कातळशिल्पं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली त्यात कशेळी आहे, बारसू, देवाचे गोठणे, उक्षी वगैरेंबरोबर. जमिनीवरून हत्ती पटकन कळत नाही, कडेने हळू फिरत सोंड, पाठ, पाय असं जुळवत जावं लागतं, तिरपं ऊन असताना रेषा नीट दिसतात. रेषांवर पाय नको, खडूने गिरवणं तर अजिबात नको. जागा गावात विचारा, वाटाड्या मिळाला तर घ्या आणि त्याला योग्य पैसे द्या.

ड्रोन उडवता येईल?

डिजिटल स्काय या सरकारच्या ड्रोनसाठीच्या साइटवरचा नकाशा आधी बघा, जागा कुठल्या झोनमध्ये येते ते तिथे कळतं, आणि स्थानिक पोलिसांकडे चौकशी करा, किनाऱ्याच्या सुरक्षेमुळे मधे मधे बंदीचे आदेश निघतात. परवानगी असली तरी दुपारच्या वाऱ्यात नको. जाताना वाऱ्याबरोबर जातो, येताना बॅटरी संपते. सकाळी लवकर उडवा, आणि समुद्रगरुड किंवा घारी घिरट्या घालत असतील तर लगेच खाली घ्या.

सड्यावर साप असतात हे खरं का?

खरं आहे. रत्नागिरीच्या कातळावर फुरसं असतं, लहान, मातकट, जांभ्याच्या रंगात मिसळून जाणारं आणि विषारी. सुट्या दगडांखाली बसतं. म्हणून दगड उचलायचे नाहीत, रचायचे नाहीत, भेगेत हात घालायचा नाही, संध्याकाळनंतर चप्पल नको, बूट आणि टॉर्च हवा. कुणाला चावलंच तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं काही करू नका, माणसाला हलू न देता गाडीत घालून रत्नागिरीच्या जिल्हा रुग्णालयाकडे निघा, वाटेत १०८ ला फोन. नेहमीची प्रतिसर्पविषाची लस फुरशावरही चालते.

बाकी काही अपघात झाला तर कुणाला फोन करायचा?

११२, आणि समुद्रात कुणी अडकलं असेल तर कोस्ट गार्डचा १५५४. पण आधी गावात पळा. दोर, वाट आणि पाण्याची माहिती सगळ्यात जवळ तिथेच असते. कुणी पाण्यात पडलं तर मागोमाग उडी मारू नका, तरंगेल असं काहीही फेका, रिकामा कॅन, स्टेपनी, आणि नजर त्या माणसावरून हलू देऊ नका.

एका दिवसात पूर्णगड, कशेळी आणि आंबोळगड तिन्ही होईल का?

होईल, पण कुठलंच धड होणार नाही. पहाटे निघालात तर पावसला स्वामी स्वरूपानंदांची समाधी, मग पूर्णगड, किल्ला छोटा आहे आणि समुद्राकडच्या दरवाजात उभं राहिलं की वारा कसा असतो याची चुणूक मिळते, मग गावखडी, दुपारी देऊळ आणि कातळशिल्प, चारला देवघळी. आंबोळगड दुसऱ्या दिवसासाठी ठेवा, नाटे गावाकडून जा. तिथीचा हिशोब करून देवघळी दुपारी जमत नसेल तर क्रम उलटा करा, राजापूर बाजूने या आणि पूर्णगड संध्याकाळी घ्या.

सूर्यास्तानंतर लगेच परत रत्नागिरीला गाडी चालवत जायचं का?

जाता येतं, फक्त गुरं रस्त्यावर बसलेली असतात, डांबर गरम असतं म्हणून, आणि काळी म्हैस वळणावर हेडलाइटमध्ये फार उशिरा दिसते. चाळीसच्या वर जाऊ नका. पाऊस चालू असेल किंवा ड्रायव्हर सकाळपासून गाडी चालवून दमलेला असेल तर पावसलाच मुक्काम करा.